एक अनाथ पोर आणि तिची पत्रे



मागल्या महिन्यात एका रविवारी वंदना आटोपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे विहाराच्या कोपऱ्यातले पुस्तकांचे कपाट उघडून बसलो होतो. वस्तीतल्या एक भगिनी हातात पुस्तक घेऊन आल्या आणि ते आमच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "भाऊ, माझ्या पोरीला तुम्ही प्रेमाची कादंबरी दिली म्हणे. आधीच तिचं शिक्षणावरून मन उडालंय. बाबासाहेबांची पुस्तकं सोडून हे कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्यांची मुलगी अकरावीला आहे. २०२१ च्या कोरोनात वडील गेले. आई चार घरची धुणीभांडी करून दोन लेकरांना शिकवते. मुलीला परगावच्या वसतिगृहात जागा मिळाली, तेव्हा सगळ्या गल्लीने पेढे खाल्ले. पण दिवाळीला घरी आली ती परत जाण्याचे नाव काढीना. आज पोटात दुखते, उद्या डोके दुखते. डॉक्टर म्हणतात, काही नाही. आई म्हणते, नजर लागली. (ताई, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात नजर लागत नसते, हे आम्ही तुम्हांला तेव्हाच सांगितले.) मुलगी कोणाशी बोलत नव्हती. एकदा कपाटाशी येऊन एवढेच म्हणाली, "काका, भुताचं नाहीतर रहस्याचं काहीतरी द्या. पण शेवटी सुटका झाली पाहिजे." आम्ही तिला 'जेन एअर' दिली. शाळेतल्या मुलांसाठी सोपी करून छापलेली इंग्रजी आवृत्ती. रद्दीवाल्याकडून दहा रुपयांना घेतलेली.

ही कादंबरी का दिली, हे त्या भगिनीला उभ्या-उभ्या सांगता आले नाही. आमचे साप्ताहिक त्यांच्या घरी जाते, धाकटा मुलगा वाचून दाखवतो. म्हणून आजचे सदर त्यांच्यासाठी. ओळख पटू नये इतपत तपशील आम्ही बदलले आहेत आणि मुलीला विचारूनच लिहीत आहोत. गोष्ट सांगताना तिच्यातले रहस्य फुटणार आहे. ज्यांना ते राखून वाचायचे असेल त्यांनी मधला मजकूर झाकून ठेवावा. मात्र पुस्तक १८४७ सालचे आहे. इतकी वर्षे कुठले रहस्य टिकते?

लिहिणारी बाई शार्लट ब्राँटी. जन्म १८१६, इंग्लंडातला यॉर्कशायर परगणा. बाप आयर्लंडमधल्या गरीब शेतकरी घरातला, शिकून पाद्री झालेला. १८२१ साली आई गेली, मागे सहा लेकरे. गरीब पाद्र्यांच्या मुलींसाठी कोवन ब्रिज येथे नवी निवासी शाळा निघाली होती. तिथे १८२४ मध्ये चार मुली धाडल्या. थंडी, अपुरे अन्न, वरून शिस्त. १८२५ मध्ये मोठ्या दोघी, मारिया अकरा वर्षांची आणि एलिझाबेथ दहा वर्षांची, क्षयाने आजारी पडून गेल्या. शार्लट तेव्हा नऊ वर्षांची होती. बावीस वर्षांनी तिने कादंबरी लिहिली आणि ती शाळा तिच्यात घातली. कादंबरीवर नाव घातले 'करर बेल', म्हणजे बाई की बुवा ते कळू नये असे. पुढे १८४८ च्या सप्टेंबरात भाऊ, डिसेंबरात बहीण एमिली, १८४९ च्या मे महिन्यात बहीण ॲन. आठ-नऊ महिन्यांत तिघे. म्हातारा बाप मात्र सहाही लेकरांच्या मागे जगला. घरातली माणसे एकामागून एक जाणे म्हणजे काय, हे या बाईला कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

आता गोष्ट. जेन तान्ही असताना आईबाप महिन्याच्या अंतराने तापाने गेले. मामाने घरी आणले. मामाही गेला, जाताना त्याने बायकोकडून वचन घेतले की पोरीला आपल्या लेकरांसारखी वाढव. मामीने वचन पाळले ते असे, की घरात ठेवले. मामेभाऊ जॉन रीड चौदा वर्षांचा, जेन दहा वर्षांची. आठवड्यातून दोनतीनदा नव्हे, सारखाच मारायचा. नोकरांना दिसायचे, पण धन्याच्या पोराविरुद्ध कोण बोलणार? आईला तर दिसतच नव्हते.

एका गारठ्याच्या दिवशी जेन खिडकीत, पडद्याआड, पक्ष्यांच्या चित्रांचे एक जाडजूड पुस्तक घेऊन बसलेली असते. जॉन तिला हुडकून काढतो. आमची पुस्तके घेण्याचा तुला हक्क काय, असे विचारतो. तू आश्रित आहेस, बापाने तुझ्यासाठी दमडी ठेवली नाही, तू भीक मागायची सोडून साहेबांच्या पोरांबरोबर जेवतेस. मग तिला दाराशी उभी राहायला सांगतो. आरशापासून आणि काचांपासून लांब, म्हणजे घरातली वस्तू फुटायला नको. आणि तेच पुस्तक फेकून मारतो. जेन पडते, डोके दारावर आपटते, रक्त येते.

ही दोन पाने आम्ही पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. पोर पुस्तकाला हात लावते म्हणून तिला पुस्तकानेच मारायचे! आमच्या वाचकांना याचा अर्थ समजावून द्यायला नको. साताऱ्याच्या शाळेत भीमराव नावाच्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसला तर तहान तशीच. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये हे लिहून ठेवले आहे. आम्ही बरोबरी करीत नाही. जेन आणि जॉन एकाच गोताचे होते. तिचा गुन्हा गरिबीचा, आपला जन्माचा. उद्या तिला पैसा मिळाला की तिचा गुन्हा संपणार होता, आपला डिग्री मिळाल्यावरही संपत नाही. पण फेकणाऱ्याचा हात तोच आहे आणि 'फुकटचे खाता' ही शिवीही तीच.

जेन पहिल्यांदाच उलट हात उगारते. तोंडाने म्हणते, तू खुनी आहेस, गुलामांच्या मुकादमासारखा आहेस. हे शब्द तिच्याकडे कुठून आले? रोमचा इतिहास वाचलेला होता म्हणून आले. शिक्षा अर्थातच तिलाच होते. ज्या खोलीत मामा मेला त्या लाल खोलीत तिला कोंडतात. जाताना एक मोलकरीण सांगते की तू तर आमच्याहूनही खालची, आम्ही काम करून खातो. अंधार पडतो, पोर भीतीने किंचाळते, मामी येते आणि पुन्हा आत ढकलून कुलूप लावते. पोर बेशुद्ध पडते.

तिथून तिला लोवुडच्या शाळेत धाडतात. कोवन ब्रिजचेच हे दुसरे नाव समजा. पहिल्याच सकाळी जळकी लापशी. ती कोणालाच गिळवत नाही, तरी प्रार्थना म्हणून सगळ्या उठतात. शाळेचा कारभारी ब्रॉकलहर्स्ट हा धर्माचा माणूस. गरिबांच्या पोरींना साधेपणा शिकवायचा म्हणून एका मुलीचे जन्मतः कुरळे असलेले केस कापायला सांगतो. आणि तेवढ्यात दारातून त्याची बायको व मुली आत येतात त्या मखमल, रेशीम आणि खोट्या कुरळ्या बटा लावून. बाई फार कडवट विनोद करते, हसू येते आणि रागही येतो.

हा ब्रॉकलहर्स्ट जेनला सगळ्या शाळेसमोर स्टुलावर उभी करतो. ही मुलगी खोटारडी आहे, हिच्याशी कोणी बोलू नका, खेळू नका, असे जाहीर करतो. मामीने सांगितले तेवढ्यावर. चौकशी नाही, जबाब नाही.

इथे आमची स्वतःची एक गोष्ट. आम्ही सातवीत असताना शिष्यवृत्तीचे फॉर्म आले की एक गुरुजी वर्गात येऊन मोठ्याने म्हणत, "सवलतवाले उभे राहा." आम्ही नऊ-दहा जण उभे राहायचो. फॉर्म वाटून होईपर्यंत, नावे लिहून होईपर्यंत उभेच. बाकीचा वर्ग आमच्याकडे बघायचा. कोणी मारले नाही, कोणी शिवी दिली नाही. गुरुजी मनाने वाईट होते असेही आम्ही म्हणणार नाही. पण त्या वर्षी आमच्यातल्या एकाने फॉर्म भरणेच सोडले. घरी सांगितले, यंदा पैसे आले नाहीत. त्याच्या आईने उसने काढून वह्या घेतल्या. तेव्हा स्टुलावर उभे राहणे काय असते ते आम्हांला ठाऊक आहे.

त्या स्टुलाजवळून हेलन बर्न्स नावाची मुलगी काहीतरी विचारायच्या निमित्ताने जाते आणि जाताना जेनकडे बघून हसते. एवढेच. बोलायची बंदी होती, हसायची नव्हती. हीच हेलन रोज एका बाईच्या छड्या खाते. तिच्या कपाळावर 'गबाळी' अशी पाटी एक दिवस संध्याकाळपर्यंत बांधून ठेवतात. ती तक्रार करीत नाही, पाटी मुकाट वागवते. जेन ती पाटी उतरवून आगीत टाकते. दोघींचा या विषयावर वाद आहे. हेलन म्हणते सोसावे, वैऱ्यावर प्रेम करावे. जेन म्हणते विनाकारण मारले तर असा टोला परत द्यावा की पुन्हा हात उचलणार नाही. आमच्यातले काही जण म्हणतील, हेलनची वाट बुद्धांच्या मैत्रीची. आम्हांस तसे वाटत नाही. मैत्री वेगळी आणि मुकाट मार खाणे वेगळे. दुसऱ्यासाठी हसण्याचे धाडस हेलनने केले, ती तिची मैत्री होती. कपाळावरची पाटी तिने सोसली, ते आम्ही आपल्या मुलींना शिकवणार नाही. हेलन क्षयाने जाते, रात्री जेनच्या कुशीत. सकाळी दोघी तशाच सापडतात, एक झोपलेली, एक गेलेली. पंधरा वर्षे तिच्या थडग्यावर दगड नव्हता. लिहिणारीला इथे आपली मारिया आठवत होती.

हेलन जाण्याआधीची एक गोष्ट मात्र सावकाश सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते सबंध कादंबरीतले सर्वांत मोठे धाडस ते आहे आणि ते कागदावर झाले आहे. आम्ही कारकून माणूस. आयुष्य आवक-जावक नोंदवण्यात गेले. प्रेमप्रकरणापेक्षा आमचा डोळा पत्रांकडे जायचाच.

टेंपल नावाच्या मुख्याध्यापिका जेनला आपल्या खोलीत बोलावतात. शेकोटीशी बसवतात, चहा देतात, आणि म्हणतात, तुझे म्हणणे सांग. जेनला मामीचा राग किती, ते वाचकाला ठाऊक असते. पण हेलनचे ऐकून ती ठरवते की आज राग बाजूला ठेवायचा, घडले तेवढेच, क्रमाने सांगायचे. आणि तिच्या लक्षात येते की असे सांगितल्यावर समोरच्याला ते जास्त खरे वाटते. अर्ज कसा लिहावा याचा याहून चांगला धडा आम्ही कुठल्या प्रशिक्षणात ऐकला नाही. मग टेंपलबाई काय करतात? मिठी मारून सोडून देत नाहीत. लाल खोलीनंतर जेनला तपासणारा जो औषधवाला होता त्याला पत्र लिहितात. उत्तर येते, ते जेनच्या सांगण्याशी जुळते. आठवड्याभराने सगळी शाळा गोळा करून त्या जाहीर करतात की जेनवरचा आळ पूर्ण खोटा आहे. आळ चारचौघांत घेतला होता, तो उतरवलाही चारचौघांत. जबाब, साक्ष, निर्णय आणि निर्णयाची प्रसिद्धी. पुढे ज्या नेटाने ही मुलगी शिकते, शिक्षिका होते, तो नेट त्या दिवशीचा आहे.

मधली आठ वर्षे लेखिका एका दमात उरकते, आम्हीही उरकतो. शाळेत जेनला वर्षाला पंधरा पौंड पगार. ती वर्तमानपत्रात स्वतः जाहिरात देते आणि थॉर्नफील्ड नावाच्या हवेलीत एका लहान मुलीची शिक्षिका म्हणून लागते, पगार तीस पौंड. मालक रोचेस्टर, वयाने दुपटीचा, तिरसट, बोलायला मोकळा. हवेलीच्या तिसऱ्या मजल्यावरून रात्री कोणीतरी हसते. एका रात्री मालकाच्या पलंगाला आग लागते, जेन पाणी ओतून त्याला वाचवते. पाहुणा म्हणून आलेल्या एका माणसाला रात्री कोणीतरी चावते. रहस्यकथेला लागणारा सगळा मालमसाला आहे आणि तो आमच्याकडून वाचण्यापेक्षा पुस्तकातच वाचलेला बरा. मोठ्या माणसांची दादागिरीही इथे आहे: बड्या घरच्या बाया दिवाणखान्यात जेनसमोरच, तिला ऐकू जाईल असे, शिक्षिकांच्या जातीला नावे ठेवतात. चौदा वर्षांचा जॉन निदान समोरून मारत होता.

मध्येच मामी आजारी पडल्याचा निरोप येतो. जॉनने जुगारात घर बुडवले आणि मेला. लोक म्हणतात, जीव दिला. मरणाच्या दारातली मामी पेटीतून एक पत्र काढायला लावते. तीन वर्षांपूर्वीचे. मडेरा बेटावर जेनचा सख्खा काका व्यापारी आहे, त्याने लिहिलेले: पुतणीचा पत्ता कळवा, मला मूल नाही, तिला दत्तक घेईन. मामीने उत्तर पाठवले होते की ती तापाने लोवुडला मेली. दहा वर्षांची पोर आपल्याला उलट बोलली याचा एवढा डूख! लाल खोलीचे कुलूप एका रात्रीचे होते, हे तीन वर्षांचे. पत्र दाबून ठेवणे ही मारहाणच आहे, आणि ती करणाऱ्याचा हात कोणाला दिसत नाही. सरकारी कचेऱ्यांत आपल्या लोकांचे किती कागद असे पेटीत पडतात, ते आम्ही इथे लिहीत बसत नाही. जेन मामीला माफ करते. मामी तिला करीत नाही.

मग रोचेस्टर तिला मागणी घालतो. फळबागेतला तो प्रसंग सुंदरच आहे. आपण गरीब आहोत, रूपाने साध्या आहोत म्हणून आपल्याला जीव नाही असे समजू नका, जिवाने आपण दोघे सारखेच, असे ती त्याला बजावते. त्या भगिनीला आम्ही सांगू, ताई, ही प्रेमाची कादंबरी आहेच. पण त्यात नायिका लग्न ठरल्यावर काय करते ते बघा. मालक तिला रेशमाच्या दुकानात नेतो, सहा झगे घ्यायला निघतो. ती भांडून दोनावर आणते, तेही झगझगीत नको, काळे आणि करडे. जितके तो घेऊन देतो तितका तिला कमीपणा वाटतो. आश्रित हा शब्द तिच्या कानातून गेलेला नसतो; पूर्वी तो मारून ऐकवला होता, आता दागिने घालून. ती मालकाला सांगते, लग्नानंतरही मी शिकवीन आणि माझे तीस पौंड घेईन. आणि त्याच दिवशी ठरवते की मडेराच्या काकाला पत्र टाकायचे. मी जिवंत आहे, माझे लग्न आहे. थोडे पैसे स्वतःचे असले तर याच्या घरात मान वर करून राहता येईल.

त्या पत्राने हवेलीचे रहस्य फुटते. पत्र पोहोचते तेव्हा काकाजवळ जमैका बेटाचा एक व्यापारी उतरलेला असतो. रोचेस्टरचे नाव ऐकून तो चमकतो, कारण रोचेस्टर त्याचा मेहुणा! तो धावत इंग्लंडला येतो आणि भर चर्चमध्ये लग्न थांबते. पहिली बायको, बर्था, जिवंत आहे. तिसऱ्या मजल्यावर दहा वर्षे कोंडलेली. वेडी.

लोक म्हणतात, योगायोग. आम्ही म्हणतो, मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहायचे ठरवून पत्र टाकते आणि त्यामुळे फसवणुकीतून वाचते, याला योगायोग म्हणू नका. तिने मुकाट रेशीम नेसले असते तर पत्र गेले नसते.

रोचेस्टर हातापाया पडतो. माझ्याबरोबर परदेशी चल, लग्नाशिवाय राहू, तुला विचारणारे जगात आहे तरी कोण? जेनचे मनही तेच म्हणते. आणि तिचे उत्तर असे, की मला विचारणारी मी आहे. जितकी एकटी, तितका मी माझा मान जास्त राखीन. पहाटे घर सोडते. जवळ वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड. ते गाडीभाड्यात जातात आणि कपड्यांची पुरचुंडी गाडीतच राहते. डुकरासाठी ठेवलेली थंड लापशी ती मागून खाते. प्रेमाच्या किती कादंबऱ्यांत नायिकेच्या पोटाचा असा हिशेब लिहिलेला असतो? पुढे ती एका खेड्यात शाळा चालवते, पुन्हा तीस पौंड. काका मरताना वीस हजार पौंड तिच्या नावे ठेवतो, ते ती सापडलेल्या तीन भावंडांबरोबर चार सारख्या वाट्यांनी वाटून घेते. त्यातला एक भाऊ, सेंट जॉन, मिशनरी होऊन हिंदुस्थानात निघालेला. तो तिला हिंदुस्थानी भाषा शिकायला लावतो आणि देवाच्या नावाने दडपण आणतो की माझी बायको होऊन चल. बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही, असे ती सांगते. देवाचे नाव घेऊन केलेली दादागिरी तिने ब्रॉकलहर्स्टपाशीच ओळखलेली होती. शेवटी ती रोचेस्टरकडे जाते. तोवर बर्थाने हवेली पेटवून गच्चीवरून उडी घेतलेली असते. तिला वाचवायला गेलेला रोचेस्टर आंधळा झालेला, एक हात गेलेला. आता जेनजवळ स्वतःचे पाच हजार आहेत. आता लग्न.

इतके कौतुक केल्यावर आमचे एक भांडणही सांगितले पाहिजे. हे भांडण त्या मुलीनेच आम्हांला काढून दिले.

आई पुस्तक ठेवून गेली त्याच संध्याकाळी मुलगी ते परत न्यायला आली. वाचून संपत आले होते. म्हणाली, "काका, वरच्या खोलीतल्या बाईला कोणी काही विचारलंच नाही का?" आम्ही गप्प. खरेच नाही विचारले. टेंपलबाईंनी जेनला विचारले, तसे बर्थाला कोणी विचारले नाही. तिचे म्हणणे येते ते दुसऱ्याच्या तोंडून. ती वेडी कशी झाली ते नवरा सांगतो, आणि त्याच्या सांगण्यावर निकाल. जेन एकदाच म्हणते की ती बिचारी वेडी आहे त्यात तिचा दोष नाही. पण वर्णन करते ते जनावराचे करावे तसे. लाल खोलीत कोंडलेली पोर मोठी झाली आणि दुसऱ्या कोंडलेल्या बाईचे कुलूप तिला पुरते दिसले नाही. शिवाय बी. कॉम. च्या माणसाने हिशेब बघायचा असतो. बर्थाचा हुंडा तीस हजार पौंड. बाप जमैकाचा मळेवाला. जमैकातल्या मळ्यांवर काळ्या गुलामांनी राबून तो पैसा उभा केला. इंग्रजांनी १८३३ साली गुलामी बंद करण्याचा कायदा केला तेव्हा मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना एक पैसा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, त्यांना हे कळत होते. शार्लटबाई मुकादमाची शिवी जॉनला देतात, पण हवेलीच्या पैशाकडे बोट दाखवत नाहीत.

हे आमच्याआधी एकीने ओळखले. जीन ऱ्हीस, कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिका बेटावर जन्मलेली. तिने १९६६ साली 'वाइड सारगासो सी' ही कादंबरी लिहून बर्थाला तिचे स्वतःचे नाव आणि तिची बाजू दिली. हे आम्ही मुलीला सांगितले, तेव्हा ती पहिल्यांदा नीट बोलली.

वसतिगृहात तिच्या कपाटावर एक चिठ्ठी चिकटवली होती, 'कोटा'. फाडली की दुसऱ्या दिवशी नवी. तिची बादली न्हाणीघराबाहेर ठेवायची. ती जेवायला बसली की चौघी ताट उचलून दुसरीकडे जायच्या. वडिलांचा फोटो उशीखाली होता, तो एक दिवस केरात सापडला. आणि खोलीतली एक मुलगी, जी यात नव्हती, तिने तो उचलून पुसून परत आणून दिला, न बोलता. "हेलनसारखं," ती म्हणाली.

आम्ही तिला कोरा कागद दिला. पहिल्यांदा लिहिले त्यात राग फार होता, आम्ही तो कागद तिच्याच जवळ ठेवायला सांगितला. दुसऱ्यांदा तिने तारखा घातल्या. चिठ्ठी कधी, बादली कधी, फोटो कधी, पाहणारे कोण. सव्वा पान झाले. आमच्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे. शिक्षणसंस्था असो की वसतिगृह, लेखी तक्रार आली की प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते, तथ्य दिसले तर करणाऱ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडायची असते. प्रमुखाने दुर्लक्ष केले तर तोही दोषी. तोंडी सांगितले तर यातले काही सुरू होत नाही. २०१६ साली रोहित वेमुला आणि २०१९ साली डॉ. पायल तडवी या लेकरांची नावे आपण विहारात घेतली, मेणबत्त्या लावल्या. आम्हांला आणखी नाव घ्यायचे नाही.

ताई, तुमची भीती आम्हांला कळते. तक्रार केली तर जागा जाईल, मुली आणखी सतावतील, बाप नाही म्हणून लोक बोलतील. या गोष्टी घडूच शकत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. जागेची पावती, प्रवेशाचे पत्र सांभाळून ठेवा. अर्ज देताना आपल्या महिला मंडळाच्या दोघी बरोबर येतील आणि पोच घेतल्याशिवाय कोणी उठणार नाही.

कादंबरी तिच्याकडेच आहे. दुसऱ्यांदा वाचते आहे म्हणे, या वेळी शब्दकोश घेऊन. ज्यांनी नंबर लावला आहे त्यांनी थोडा धीर धरावा. अर्ज आमच्या खणात आहे. तिची सही झाली आहे, खाली पालकांच्या सहीची जागा आहे. तारीख घातलेली नाही.